वसुधाची निवडणूक

परवा चँडलरला मुलाच्या घरी सुनेने उपवासाला कुट्टूची धिरडी घातली आणि त्या वासाने मी थेट मेन राज्याच्या उत्तर टोकाला पोचले. ऐंशीच्या दशकात आम्ही तिथे राहायचो. नदीपलीकडे कॅनडा. तिथे माझी नागपूरची मैत्रीण वसुधा डॉक्टर होती, आणि एका वर्षी ती तिथल्या संसदेच्या निवडणुकीला उभी राहिली.

मतदारसंघ अफाट, खेड्यापाड्यांचा. निम्मे लोक फ्रेंच बोलणारे, निम्मे इंग्रजी. मतदानाआधीच्या शेवटच्या रविवारी मी तिला ड्राइव्ह करून एका चर्चच्या हॉलमध्ये नेलं. आत ओल्या लोकरी कोटांचा आणि तव्यावरच्या कुट्टूच्या धिरड्यांचा वास कोंडला होता; तिकडे ती रोजच्या जेवणात असतात. वसुधा प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत बोलत होती. मग एक म्हातारी उठून फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली गं?" मी हळूच विचारलं.

"म्हणते, तू संसदेत, ऑटावाला, गेलीस तर आमच्या मुलींची बाळंतपणं कोण करणार?"

दुसरा डॉक्टर आणीन, असं वसुधाने दोनदा सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत.

ती पडली. फोनवर म्हणाली, "आपण शेवटी परकेच, यार." मलाही तसंच वाटलं, आणि त्या लोकांचा राग बरीच वर्षं मनात राहिला. आता वाटतं, त्यांना तिला सोडायचंच नव्हतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या दवाखान्यात बसायला खुर्ची उरली नव्हती.