ब्रश पुसायचं फडकं

ब्रश पुसायचं फडकं धुऊन गॅलरीत वाळत घातलं होतं; रंगाचे डाग काही गेले नव्हते. शेजारच्या काकू पलीकडच्या कठड्याशी थबकल्या. “अगं, हे नवं चित्र का? बघताक्षणी तुझंच वाटलं!”

आत महिनाभर खपून काढलेलं चित्र उभं आहे. ते पाहून याच काकू काल म्हणाल्या होत्या, “छान आहे. कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं.”

मी फडकं निरखत बसले. त्यावरचा प्रत्येक फटकारा वर जाता जाता अचानक डावीकडे वळलेला. हे वळण माझ्या चित्रांत का येत नाही? कॅनव्हाससमोर उभी राहिले की मी कुणाचा हात उसना आणते?

राहवेना. कोरं फडकं घेतलं, ब्रश रंगात बुडवला आणि मुद्दाम तसंच वळण काढलं.

सुबक आलं. कुठंतरी पाहिल्यासारखं.