आणि नटवर्य हसले नाहीत

उमरखेड तालुक्यातला सगळ्यात विनोदी माणूस मी होतो. (हे मत माझंच होतं, पण कोणी उघड हरकत घेतली नव्हती.) पोटापाण्यासाठी मी शाळेत गणित शिकवत असे, पण लग्नाच्या पंगतीत मला मुद्दाम मधोमध बसवत. मी एस.टी.च्या कंडक्टरची नक्कल केल्याशिवाय लोकांना बुंदी गोड लागत नसे!

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं झालं होतं. यवतमाळला एक नाटक कंपनी आली आणि तिच्यातले प्रख्यात विनोदी नट माझ्या मेहुण्याकडे जेवायला येणार असं कळलं. मी कुसुमला, म्हणजे बायकोला, घेऊन सकाळचीच बस पकडली.

"जावईबापू, जरा बेतानं," मेहुणा म्हणाला. "थोर माणूस आहे."

मी नटवर्यांच्या शेजारचाच पाट पकडला. पहिल्या घासाला एक किस्सा टाकला. ते गोळाभात कालवत राहिले. दुसऱ्या घासाला हेडमास्तरांची शिंक काढून दाखवली. त्यांनी मीठ मागितलं. मग मी ठेवणीतला कंडक्टर काढला! "चला, मागं सरका!" म्हणत असा हात फिरवला की कढीची वाटी उडाली आणि थेट त्यांच्या रेशमी सदऱ्यावर!

सगळं घर हसलं. नटवर्यांनी सदऱ्याकडे पाहिलं, मग बोट चाटलं.

"कढी उत्तम झालीय," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड वळवून त्यांनी विचारलं, "आपण काय करता?"

"गणित शिकवतो."

"छान. तेच करा."

परतीच्या बसमध्ये खरा कंडक्टर 'मागं सरका' म्हणाला आणि मी निमूट मागं सरकलो. ज्या माणसाला विनोद कळतो, त्यानंच सांगितलं होतं ना! म्हणजे आजवर मी जे होतो, ते मी नव्हतोच. मग कोण होतो? गणिताचा मास्तर. तालुक्यात तसे पुष्कळ होते.

मी विनोद सोडला. पुढच्या लग्नात लोक माझ्याभोवती जमले. मी गंभीरपणे म्हणालो, "हवा बरी आहे." हशा! "अहो, मी खरंच उदास आहे," म्हणालो, तर वरपित्याला हसून हसून ठसका लागला. एवढ्या माणसांत खरं बोललेलं ऐकणारा एकही नव्हता. मी बुंदी न खाताच घरी आलो.

घरी मुकाट्यानं जेवायचो. कुसुम कधीतरी विचारील, 'काहून हो, बरं नाही काय?' म्हणून रोज वाट पाहायचो. ती शांतपणे वाढायची. तिच्या चेहऱ्यावर तेजही आलं होतं! एकदा शाळेतून आलो तर ती नि शेजारीण चुलीपाशी खदखदून हसत होत्या. मला पाहून दोघी गप्प झाल्या. माझ्याशिवायही या घरात हसता येतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

अशात मेहुणा आला. चहा घेताघेता सहज म्हणाला, "जावईबापू, त्या नटाच्या मॅनेजरनं सांगितलं, त्यायले डाव्या कानानं ठार ऐकू येत नाही. तुम्ही नेमके त्याच बाजूले बसले!"

मी उडालोच! "म्हणजे त्यांनी ऐकलंच नाही? एकही नाही? कुसुम, ऐकलंस का? त्यांना माझं काहीच ऐकू गेलं नव्हतं!"

कुसुमनं कपबशा उचलल्या. "देव काही काही लोकायचं लई भलं करते," ती म्हणाली.

मेहुणा इतका हसला की चहा त्याच्या नाकातून आला. मी त्याला उभ्या जन्मात एवढं हसवलं नव्हतं!

"तुला असं सुचतं तरी कधीपासून?" मी विचारलं.

"मले तं लग्न झाल्यापासून रोजच सुचते," ती म्हणाली. "तुमचं संपायची वाट पाहून राह्यली होती."