शालननं न बघितलेली जीप

गाडीचं काम झालं की शालन पाट घेऊन गाडीच्या तोंडासमोर बसायची. रस्त्यातच. मी आत बसून इंजिन चालू करायचो, हेडलाइट, वायपर, पंखा सगळं लावायचो आणि मग गाणं. "वाढवा," ती म्हणायची. "आजून वाढवा." गाण्याचा ठोका पडला की दिव्याचा उजेड खाली बसतो का, हे ती पापणी न हलवता बघायची. बसला की हात वर. "डोळं मिचकावतीया. न्हाय सोडायची." मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो, बॉनेट परत उघडायचं.

ही माझी बायको. मंगळवार पेठेत आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, पुढं दुकान आणि मागं घर. मी चौथी शिकलेला, ती सातवी. काम तिला मीच शिकवलं, लग्नानंतर. पण मला जे मीटर लावून कळायचं ते तिला नुसतं बघून कळायचं. मला ते आवडायचं नाही. आता सांगायला लाज कसली. ती गेली त्याला चार महिने झाले. पेठेत अजून लोक म्हणतात, बाई हुशार होती, पण तिच्यामुळं एका पोराचा पाय गेला. ते खोटं आहे आणि ते खोटं माझं आहे. म्हणून लिहायला बसलोय.

अलीकडं ज्याला त्याला गाडीत मोठा आवाज पाहिजे. सीटखाली ट्रंकेएवढा वूफर, त्याला जोडून आवाज वाढवणारा अँप. एकेक ठोका बॅटरीतनं एवढा करंट ओढतो की दिवे मंद होतात. लोक येऊन म्हणायचे, "काका, दिवा नाचतोय, कपॅसिटर टाका." कपॅसिटर म्हणजे एक डबा. ठोक्याला लागणारा करंट तेवढ्यापुरता साठवून देतो. शालनला त्याचा भारी राग. "हिरीत पाणी न्हाय आन घागर मोठी घिऊन काय करतासा?" ती गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायची. "आदी बॅटरीची अर्थिंगची वायर बघा. मग डायनामा बॅटरी किती भरतोय बघा. पेलत नसंल तर आवाज कमी करा. रोज वरात हाय व्हय गाडीत?"

एकदा एक ठेकेदार मोठी गाडी घेऊन आला आणि दिवा मंद दिसत असताना तशीच न्यायला निघाला. वर ओरडला, "बाईमाणसानं मला शिकवायचं व्हय?" शालननं किल्ली काढून कमरेला खोचली आणि आत गेली. "भाकरी करून येतो. तवर ह्यांची वायर बदलून हुतीया." ठेकेदार मुकाट बाकावर बसला. पुढं तोच माणूस दहा गिऱ्हाइकं घेऊन आला. त्यातला प्रत्येक जण गाडी नेताना विचारायचा, "काकींनी बघितली न्हवं?" हात माझे काळे व्हायचे आणि विचारायचे काकींना.

सात वर्षांमागं आषाढात ती तापानं पडली होती. संजय नावाचा पोरगा मलकापूरकडं वडापची, सीट भरून माणसं नेणारी जीप चालवायचा. सकाळी जीप लावून गेला. वूफर नवा, दिवे ठोक्याला मरत होते. मी अर्थिंगची वायर बघितली. जुनी, बारीक, टोकाला गंजलेली. डायनामाही थकलेला. पण बदलायचं तर सगळं खोलायला लागणार, आणि बाहेर धो धो पाऊस. मी कपॅसिटर टाकला. दिवा स्थिर झाल्यासारखा वाटला.

आतनं शालनचा आवाज आला, "आवो, ठोका ऐकतोय मी. गाडी दाराम्होरं लावा, मी बसतो."

"झोप गप. अंगात ताप हाय."

तापाची काळजी नव्हती मला. एक तरी गाडी तिच्याशिवाय जावी, एवढंच होतं मनात.

संजय आला. किल्ली घेताना म्हणाला, "काका, काकींनी बघितली न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "बघितली की."

दोनच दिवसांनी आंबा घाटाच्या तोंडाला, भर दुपारी, दाट धुक्यात संजयची जीप चालली होती. दिवे, वायपर, गाणं सगळं चालू. बॅटरी उतरत गेली आणि दिवे पिवळे पडत पडत विझले. समोरच्या टेम्पोला जीप दिसलीच नाही. मागं बसलेले थोडक्यात वाचले. संजयचा उजवा पाय गुडघ्यातनं काढावा लागला.

आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. संजयची आई उठून सरळ शालनसमोर उभी राहिली. "तू बघितलीस म्हणून माझ्या पोरानं गाडी काढली. डोळं फुटलंतं व्हय तुझं?"

शालननं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी फरशीकडं बघत राहिलो. मग ती म्हणाली, "व्हय बाई. माझी नजर चुकली."

परतताना मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. दुकान तुमच्या नावावर चालतंय. माझं नाव गेलं तरी चूल पेटंल."

त्यानंतर ती कुठल्याच गाडीसमोर बसली नाही. कुणी बस म्हणालंही नाही. ती दर महिन्याला एसटीनं मलकापूरला जायची, संजयला डबा घेऊन. मी दर महिन्याला ठरवायचो, या खेपेला बरोबर जायचं आणि सांगून टाकायचं. गेलो नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसून म्हणालो, "शालन, सांगू का सगळ्यास्नी?"

तिनं डोळे उघडले. "आता इचारतासा व्हय?" एवढंच बोलली. रागानं नाही. दमून.

बारावं झाल्यावर संजयची आई भेटायला आली. चहाचा कप हातात धरून म्हणाली, "लई चांगली बाई, दादा. एक चूक झालती तिची, ती मी कवाच सोडून दिली."

मी म्हणालो, "चूक तिची न्हवती. ती आत तापात पडलीती. गाडी मी सोडली. तिचं नाव मी खोटं सांगितलं."

तिनं कप खाली ठेवला. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या.

"पयल्या वर्साला मी तिला उंबऱ्याच्या आत घेतली न्हाय," ती म्हणाली. "डबा घिऊन पावसात हुबी ऱ्हायची. शेजारणी बघायच्या. आन मी दार लावून घ्यायचो." मग पदर सावरून उठली. "तुमचं तुम्ही बोलून मोकळं झालासा. मी कुणाच्या पाया पडू, दादा? सांगा की."

ती दारातनं खाली उतरली आणि मागं न बघता स्टँडकडं चालू लागली.