रमाबाईंच्या दहाव्याचा शिक्रा

लालबागला आमच्या गल्लीत उन्मेष पालवचं फोटो फ्रेमचं दुकान आहे आणि समोर माझं पोळीभाजी केंद्र. गल्लीत कुणी गेलं की घरचं माणूस आधी त्याच्याकडे फोटो देऊन जातं आणि मग माझ्याकडे तेराव्याचं जेवण सांगायला येतं. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही, असं उन्मेष म्हणतो. असले विनोद त्यालाच सुचतात.

माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पन्नाशीला आला, लग्न केलं नाही. वेड एकच, शिकारी पक्षी. चाळीच्या गच्चीवरून घारींचे फोटो काढता काढता सुरुवात झाली, मग परळच्या एका टॉवरवर हिवाळ्यात येणाऱ्या बहिरी ससाण्यामागे दोन वर्षं गेली. आठवडाभर मेलेल्यांचे चेहरे काचेखाली बसवायचे आणि रविवारी ती भलीमोठी लेन्स गळ्यात अडकवून पळायचं. 'आले घारोबा,' म्हणून मी त्याला चिडवते. तोही हसतो.

या वर्षी त्याला शिक्रा हवा होता. कबुतराएवढाच असतो म्हणे, पण नराचा डोळा लालभडक. पंख उघडलेले आणि तो डोळा सरळ आपल्यावर रोखलेला, असा फोटो. वाळकेश्वरला बाणगंगेच्या वरच्या झाडीत एक जोडी असल्याचं कळल्यावर हा रविवारमागून रविवार तिथे जाऊन बसला. कधी शेपूट दिसली, कधी तेवढीही नाही.

मग त्याने जे केलं, ते करू नये हे त्याला नीट ठाऊक होतं. पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर वाजवला, की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटतं आणि तो भांडायला बाहेर येतो. पक्षी हैराण होतो, म्हणून जाणती मंडळी हे करत नाहीत. उन्मेषने स्वतः आपल्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर यावरून नव्या पोरांना झापलं होतं. आणि त्या रविवारी हाच गृहस्थ स्पीकर खिशात घालून गेला. एकदाच, असं मनाशी म्हणत.

आवाज लावला आणि शिक्रा आला, पिंपळाच्या उघड्या फांदीवर. त्याच्यामागोमाग परिसरातले सगळे कावळे आले. शिक्रा दिसला की कावळे त्याला सोडत नाहीत, चहूबाजूंनी ओरडून, टोचून हाकलायला बघतात. उन्मेषला तर लॉटरीच लागली. शिक्रा पंख उघडून त्यांच्यावर फिस्कारत होता, फक्त तोंड हवं तिकडे वळत नव्हतं. याने आवाज चालू ठेवला.

खाली तलावाच्या पायऱ्यांवर कुणाचं तरी दहावं चाललं होतं. बघतो तर आमच्या गल्लीतल्या रमाबाई राणेंचं. त्यांचा फोटो आदल्या आठवड्यातच दुकानात आला होता. पिंड मांडून सगळे बाजूला उभे होते आणि कावळा काही शिवत नव्हता. शिवणार कुठून, कावळे सगळे पिंपळावर. पण ती माणसं पिंडाकडे बघत होती, झाडाकडे कोण बघतो?

रमाबाईंच्या मुलाने, वैभवने, हात जोडले. आई, बाबांना अंतर देणार नाही. कावळा नाही. मग सून रडली. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे. पण रमाबाईंच्या धाकट्या जाऊबाई ऐकतात थोड्याच. त्या अनुजाला पुढे ढकलत म्हणाल्या, "तूच सांग गो तिका. तिचो जीव तुझ्यातच अडकलो आसा."

अनुजा रमाबाईंची मुलगी, चाळिशीला टेकलेली. तिच्या ऑफिसातल्या जोएलशी तिला लग्न करायचं होतं. माझगावचा, कॅथलिक. रमाबाईंनी सहा-सात वर्षं नाही म्हणजे नाहीच म्हटलं. तरी त्यांच्या आजारपणात रात्री-बेरात्री गाडी काढून आला तो जोएलच. त्या दिवशीही आला होता, सगळ्यांच्या चपला सांभाळत वरच्या पायरीवर उभा होता.

अनुजा पिंडासमोर बसली. मग मोठ्याने म्हणाली, "आई, नाही करणार मी लग्न. जा तू आता."

त्याच सुमाराला शिक्ऱ्याने मान वळवली. उन्मेषला फोटो मिळाला. त्याने स्पीकर बंद केला, शिक्रा उडून गेला, कावळे पांगले आणि त्यातला एक सरळ खाली येऊन पिंडावर बसला.

बायकांनी हात जोडले. अनुजा ओक्साबोक्शी रडत होती. उन्मेषने लेन्समधून जोएलकडे पाहिलं, तो खाली वाकून चपलांच्या जोड्या लावत होता.

हे सगळं मला त्याने संध्याकाळी सांगितलं, आणि तोवर फोटो ग्रुपवर टाकूनही झाला होता. वाहवा चालली होती. मला इतका संताप आला, की हातातला झारा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. म्हटलं, "अरे, तुला दिसत होतं ना सगळं? एक हाक मारायची होती!"

"दर्भाचा करतील असं वाटलं, अक्षताताई."

"आणि नाही केला तेव्हा?"

तो म्हणाला, "तेव्हा शिक्रा वळायला आला होता."

पुढचे दिवस त्याचे वाईट गेले. रमाबाईंचा फोटो टेबलावर होता, पण फ्रेम पुरी होईना. दोनदा काच चुकीची कापली. ग्रुपवरून फोटो काढून टाकला. माझ्याकडून डबा नेई आणि तसाच परत आणून देई. मी म्हटलं, इथे बसून कुढण्यापेक्षा जा आणि सांग. तर त्याला दुकानाची भीती. ज्याने दहाव्यात विघ्न आणलं त्याच्याकडे उद्या आपल्या माणसाचा फोटो कोण देईल? भीती खोटी नव्हती. पण पोरीचं आयुष्य एका स्पीकरपायी अडलं होतं आणि हे तिला सोडून आम्हा दोघांना माहीत होतं. शेवटी मी म्हटलं, "तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

तेराव्याला राण्यांच्या खोलीत मी वाढायला होते. उन्मेष फ्रेम घेऊन आला, ती भिंतीला लावली, हार घातला आणि तिथेच उभा राहिला. मग एकदम बोलायला लागला. शिक्रा, स्पीकर, कावळे, सगळं सांगितलं. "कावळा रमाबाईंमुळे थांबला नव्हता," तो म्हणाला. "माझ्यामुळे थांबला होता. अनुजाने जे म्हटलं ते धरू नका. चूक माझी आहे, मला काय बोलायचं ते बोला."

खोलीत कुणी जेवेना. आता याच्या कानाखाली बसणार, असं मला वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं.

जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "कावळो शेवटाक शिवलो मां? मगे! अरे, तिनाच तुझ्या हातसून ता वाजवून घेतल्यान. पोरीच्या तोंडातसून शब्द येयपर्यंत तिना तुका थांबयल्यान. तुका खयचो दोष?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. वैभव तर उन्मेषच्या पाया पडला. म्हातारे वडील म्हणाले, याला पहिल्या पंगतीत बसवा. उन्मेष "नाही हो, तसं नाही," म्हणत राहिला आणि दोघातिघांनी त्याला हाताला धरून पानावर बसवलं. मी तोंड उघडलं, तर जाऊबाई मला म्हणाल्या, "वडे आण गो गरम."

वडे माझ्या हातातून अनुजाने घेतले. ती त्याच्या पानापुढे वाकली, दोन वडे वाढले आणि त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू काहीतरी विचारलं. मी मागेच होते, म्हणून मलाही ऐकू आलं.

"दादा, मी बोलायच्या आधी का नाही आवाज बंद केलात?"

उन्मेषने मान वर केली नाही. ती वडे घेऊन पुढच्या पानाकडे गेली.