पंच्याहत्तरीच्या पुढे प्रवेश नाही

बाई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायच्या. स्वभावाने शांत. दिवसभर मेणात एकेक दात रोवत बसायचं म्हणजे माणूस तापट असून चालत नाही. हात जरा हलला की कुणाचं तरी जेवण बिघडलंच. पण त्या सहा महिन्यांत बाईंना प्लास्टरचे साचे टेबलावर आपटताना सगळ्या लॅबने पाहिलं. कारण होतं एक जंगल.

डोंगरावरच्या त्या जंगलातच बाईंचं लहानपण गेलं होतं. वडील तिथे वनरक्षक. वरच्या चौकीला लागून दोन खोल्यांचं घर, मागे झरा, आणि शाळेसाठी रोज दीड तासाची उतरण. बाई नऊ वर्षांच्या असताना वडिलांची बदली झाली, सगळे खाली शहरात आले, आणि पुढे त्या जंगलाचं अभयारण्य झालं. आता वडील एक्याऐंशीचे. बाईंच्याच घरी, गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचे. बोलणं मोजकं. बाबांना ते घर एकदा दाखवून आणायचं, असं बाईंच्या मनाने घेतलं. खरं म्हणजे त्यांना स्वतःलाच बघायचं होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

वाटलं होतं, दोन दिवस रजा टाकायची आणि निघायचं. पण परवानगी लागत होती. तिचा फॉर्म इंटरनेटवर, तो उघडणार सोमवारी सकाळी नऊला, आणि दिवसाला माणसं चाळीसच. बाई पावणेनऊलाच हातातलं मेण खाली ठेवून मोबाइल घेऊन बसायच्या. नऊला पडद्यावर चक्र गरगरायला लागायचं आणि नऊ वाजून सहा मिनिटांनी उमटायचं, ‘जागा संपल्या’. असे चार सोमवार गेले. पाचव्या सोमवारी फॉर्मने बाईंचं नाव, पत्ता, अगदी रक्तगटसुद्धा मुकाट्याने घेतला. बाबांचं वय टाकलं मात्र, लाल अक्षरं आली: पंच्याहत्तरीच्या पुढे प्रवेश नाही.

मग वनखात्याच्या कचेरीत फोन. साहेब फिरतीवर. पुन्हा फोन. लेखी अर्ज द्या. अर्ज दिला, तर तीन आठवड्यांनी उत्तर आलं की डॉक्टरांचा दाखला हवा. दाखला जोडला, तर कळलं की वरची चौकी गाभा क्षेत्रात येते आणि तिथे पर्यटकांना मज्जाव आहे.

“पर्यटक?” बाई फोनवर ओरडल्या. “अहो, मी तिथे रांगायला शिकले!”

पलीकडचा कारकून शांतपणे म्हणाला, “त्याचा काही पुरावा आहे का?”

तो थट्टा करत होता की खरंच विचारत होता, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांनी मोठ्या भावाला गळ घातली. “दादा, तुझ्या ओळखी आहेत. निदान गाडी तरी दे.”

“मला त्यात ओढू नकोस,” दादा म्हणाला. “तुला झरा आठवतो, मला जळवा आठवतात. आणि गाडी सर्व्हिसिंगला आहे.”

“सहा महिने?”

दादाने फोन ठेवला.

बाबांकडून तर मुळीच मदत नाही. “तुम्ही तरी काही बोला ना,” बाई म्हणायच्या. “अकरा वर्षं राखलंत ते जंगल.”

“नियम आहे ना? मग आहे,” एवढंच बाबा म्हणायचे. स्वयंपाकघरात झाकणं आदळायची.

शेवटी परवानगी मिळाली, पण फाटकाजवळच्या सपाट पायवाटेची. वळणापर्यंत अर्धा किलोमीटर. तेवढी तर तेवढी. दोन बस बदलून, बाबांना हाताला धरून बाई फाटकाशी पोहोचल्या. तिथल्या तरुण वनरक्षक मुलीने वहीत सही घेता घेता चौकशी केली आणि तिचा चेहराच बदलला.

“बाबा, तुम्ही वरच्या चौकीला होतात? अहो, आमची जीप आत्ता वरच चालली आहे. बसा मागे. तासाभरात आणून सोडते. कोण बघतंय!”

बाईंचा एक पाय जीपमध्ये गेलासुद्धा.

“आपला कागद कुठवरचा आहे?” बाबांनी विचारलं.

“वळणापर्यंतचा. पण बाबा, या स्वतःच म्हणतायत…”

“मग वळणापर्यंतच.”

जीप गेली. दोघं वळणापर्यंत चालली. बाबा एकेका झाडापाशी थांबत होते, बुंध्याला हात लावत होते. बाईंना रागापुढे एकही झाड दिसलं नाही.

परतीच्या बसची वाट बघत दोघं फाटकाबाहेर बसली, तेव्हा बाबा म्हणाले, “तसंही वर काय बघणार होतीस? घर नाहीये तिथे.”

“नाहीये म्हणजे?”

“मीच उतरवलं. बदलीच्या आठवड्यात. कौलं, दारं, सगळं. रिकामं घर दिसलं की शिकारी मुक्काम ठोकतात.”

“हे मला सहा महिन्यांपूर्वी सांगता येत नव्हतं?”

“तू मला कुठे विचारलंस? तू त्या मोबाइललाच विचारत होतीस.”

बाई उठल्या, रस्त्यापर्यंत गेल्या, परत आल्या. रडावं की ओरडावं, ठरेना. “मी कुठे होते तेव्हा?”

“तुला आईबरोबर आधीच खाली धाडलं होतं. रडून गोंधळ घातला असतास. दादा होता मदतीला. तेरा वर्षांचा होता. कौलं तोच खाली देत होता.”

बस आली. बाईंनी बाबांना जरा जास्तच जोरात दंडाला धरून वर चढवलं. ते खिडकीशी बसले आणि लगेच डुलक्या घ्यायला लागले. बाईंनी दादाला फोन लावला.

“कौलं तू उतरवलीस?”

दादा म्हणाला, “शेवटी सांगितलं का त्यांनी? मला तर बजावलं होतं, तिच्यापाशी अवाक्षर काढायचं नाही म्हणून.”

“आणि तू इतकी वर्षं गप्प बसलास?”

“मला तरी कुठे बोलायचं होतं त्याबद्दल?”

बाईंनी खटकन फोन बंद केला. बसने दोन वळणं घेतली. मग त्यांनी पुन्हा तोच नंबर लावला.

“आता सांग,” त्या म्हणाल्या. “पहिल्या कौलापासून. आणि गाडीचं काही सांगू नकोस, ती का मिळाली नाही ते कळलंय मला.”