सोळाचा पेनड्राईव्ह

मी चौथी शिकलेला माणूस. पेनड्राईव्ह ही काय वस्तू असते, हे मला सत्तरी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. बायको मेली तेव्हा कळलं.

आमचं गाव पारोळ्याजवळ, धुळे-जळगाव रस्त्याला लागून. घर रस्त्याच्या या अंगाला, गिरणी त्या अंगाला. बाजरीचं पीठ जास्त दिवस ठेवलं की कडू होतं, म्हणून ती आठ दिवसांपुरतंच दळून आणायची. दर मंगळवारी डबा घेऊन रस्ता ओलांडायची. त्या मंगळवारी दळण घेऊन येताना तिला गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही. मी घरात दाढी करत होतो. आवाज आला तर मला वाटलं कुठल्या ट्रकचं टायर फुटलं. अर्धी दाढी राहिली होती, ती मी पुरी केली. मग लोक बोलवायला आले.

कागदावर लिहिलं गेलं, अज्ञात वाहन.

तिसऱ्या दिवशी गावातला सिमेंटवाला सांत्वनाला दारावर बसायला आला. त्याचं लोखंड-सिमेंटचं दुकान गिरणीला चिकटून आहे. बाकीचे लोक पांगल्यावर तो जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "आबा, मना कॅमेरामा गाडी दिखस. पांढरी पिकअप शे. नंबर बी येल शे, पन बारीक शे, वाचता येस नई; मोबाईलवर फोटो काढा ते बठ्ठा धुसर येस."

मी हवालदाराला निरोप धाडला. तो चांगला माणूस होता, घरी आला. म्हणाला, "मूळ फाईल पाहिजे आबा, ती मोठी करून नंबर काढता येतो. पेनड्राईव्हमध्ये काढून आणा. आणि पेनड्राईव्ह कोरा आणा, गाण्यांचा वापरलेला नको. उद्या कोर्टात कोणी बोट ठेवायला नको."

सिमेंटवाल्यानं एवढंच बजावलं, "रेकॉर्डिंग पंधरा दिन राहस. मंग मशिन सोता पुसी टाकस."

पंधरा दिवस म्हणजे पुष्कळ झाले, असं मला वाटलं.

माझे थोरले चुलतभाऊ सुतकाचं सगळं बघत होते. मी त्यांना सांगितलं, कोणाला तरी पेनड्राईव्ह आणायला पाठवा. ते म्हणाले, "कोरी वस्तू शे ना ती? सुतकमा कोरी वस्तू घरमा आनतस नई. गंधमुक्ती व्हऊ दे, मंग आन."

"पोलिसांना पाहिजे आहे."

"पोलीस काय पळी जाई राह्यनात का? तेरा दिन थांब."

मी थांबलो. मी त्यांना उलटून बोललो नाही. ती जिवंत असती तर बोलली असती. सुतकात तिनं एकदा पुतण्याच्या लेकरासाठी नवी दुधाची बाटली आणवली होती आणि याच भावांना म्हणाली होती, "लेकरू काय तेरा दिन उपाशी राही का?" मला ते आठवलं. लोक पाया पडत होते, भांडी घासली जात होती, मी भिंतीला टेकून दिवस मोजत होतो.

तेराव्या दिवशी गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. चौदाव्या दिवशी सकाळी एसटीनं धुळ्याला गेलो. पारोळ्याला मोबाईलची दहा दुकानं आहेत, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या घरात महत्त्वाची वस्तू पारोळ्याला घेत नाहीत. लग्नाचा बस्ता धुळ्याला, मोटरपंप धुळ्याला, तिचं मंगळसूत्रही धुळ्याचंच. मग हे पारोळ्याला कसं घ्यायचं?

दुकानात एक मुलगी होती, नातीच्या वयाची. काचेखाली बोटाएवढ्या चपट्या वस्तू ओळीनं मांडलेल्या.

"कितीचा पाहिजे, आजोबा?"

"कितीचा म्हणजे?"

"जीबी. सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. काय टाकायचंय? भजनं?"

"पिक्चर आहे."

"पूर्ण पिक्चर?"

"दोन मिनिटांचं."

ती हसली. "मग सोळाचा पुरे झाला. उगीच मोठा कशाला?"

मला तिचा राग आला. तिला वाटलं असेल, धोतरवाला म्हातारा, स्वस्तातलं दाखवावं. मी सगळे हातात घेऊन पाहिले. एकाला लोखंडी कवच होतं, एकाचं तोंड सरकत आत जायचं, एक नखाएवढा होता. तो तर नुसता धरतानाच हातातून निसटत होता. बैल घेताना दात बघतो, बियाणं घेताना पिशवीवरची तारीख बघतो. इथं बघायचं काय? वजन सगळ्यांचं सारखंच. तिला यात ठेवायचं होतं. लहानात ठेवायला मन घेईना.

"एकशे अठ्ठावीसचा द्या. लोखंडी."

"लावून, चेक करून देऊ?"

"नको. फोडू नका. कोरा पाहिजे."

बाजारातून मी वांगी आणायचो तेव्हा भरताला म्हणून सगळ्यात मोठी उचलायचो. आत बी निघायचं. ती चुलीपाशी वांगं चिरून मला दाखवायची, "मोठं दिखनं का तुम्हले बठ्ठं चांगलं वाटस." एसटीत बसलो, पुडी खिशात चाचपली आणि तिचं ते बोलणं कानात आलं. तरी मला काही कळलं नाही. गाडी गावात पोचली तेव्हा सिमेंटवाल्याचं शटर पडलेलं होतं. म्हटलं, सकाळी जाऊ.

पंधराव्या दिवशी आठ वाजता मी त्याच्या दुकानासमोर उभा होतो. त्यानं पुडी दातानं फोडली, वस्तू मशिनला लावली. पडद्यावर काहीतरी इंग्रजीत आलं. काढली, फुंकर मारली, परत लावली. पुन्हा तेच.

"आबा, हाई मशिन जुनं शे. इतला मोठा घेत नई. सोळाचा लागस."

"मोठ्यात लहान मावत नाही का?"

"मावस हो. पन हाई मशिन ओळखतंच नई त्याले, ते काय करू?"

मी रस्त्यावर आलो. काळी-पिवळी जीप भरायला वेळ लागला. पारोळ्याला पोचलो तर दुकानं बंद. एका शटरसमोर पायरीवर बसलो. साडेनऊला पोऱ्या झाडू घेऊन आला, मालक त्याच्या मागून. सोळाचा मागितला. त्यानं न बघता मागच्या खिळ्यावरून काढून दिला. परत येताना गाडी मध्येच एका ढाब्यापाशी थांबली, ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. मी त्याला घाई करा म्हटलं. तो म्हणाला, "आबा, काय लगीन शे का?"

दुकानात आलो तेव्हा अकरा वाजत आले होते. या वेळी मशिननं घेतला. सिमेंटवाला त्या मंगळवारच्या तारखेवर गेला. बटणं दाबत राहिला.

"काय झालं?"

"पुसाई गयं, आबा. डिस्क भरनी का जुनं खाई टाकस. पंधरा म्हणजे अंदाजे व्हतं." मग त्यानं कपाळावर हात मारला. "सकायले मशिन बंद करी टाकतू ते राही जातं. माले सुचनंच नई."

मलाही सुचलं नाही. सकाळी आठला गाडी त्या मशिनमध्ये होती. एक बटण दाबलं असतं तर तिथंच राहिली असती. दोघं मिळून आम्ही ती घालवली.

"काय उरलं आहे?"

"दहा अट्ठेचाळीसपासून शे. गाडी त्याच्या आधीनी."

"दाखव."

"नका देखू, आबा."

"दाखव म्हणतो ना."

ती रस्त्यावर पडलेली होती. पडद्यावर लहान दिसत होती, लुगड्याचा गठ्ठा पडल्यासारखी. पीठ सांडलेलं, पांढरा पट्टा लांबपर्यंत. माणसं उभी होती. कोणी जवळ जात नव्हतं, कोणी फोनवर बोलत होतं. एक ट्रॅक्टर वळसा घालून गेला आणि पिठात चाकांचे ठसे उमटले. मग उजवीकडून मी आलो. खांद्यावर टॉवेल होता.

पंधरा दिवस मी येईल त्याला सांगत होतो, मी धावत गेलो आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. मला तसंच आठवत होतं. खोटं बोलत नव्हतो.

पडद्यावर मी धावत नव्हतो. चालत आलो. डबा आडवा पडला होता, तोंडाशी अजून पीठ होतं. मी वाकलो, डबा उभा केला. झाकण शोधलं, ते दोन हातांवर पडलं होतं, आणून लावलं. दाबून लावलं. मग तिच्याकडे वळलो.

सिमेंटवाला दुसरीकडे बघत होता. त्यानं ते आधीही पाहिलं असणार. दारावर येऊन माझ्याजवळ बसला, तेव्हाही त्याला माहीत असणार.

"हाई काढू का, आबा? यामा गाडी नई शे."

"काढ."

"कसाले?"

"पोलिसांनी मागितलं आहे."

हवालदारानं ठाण्यात संगणकावर लावून पाहिलं, पुढेमागे केलं. "यात वाहन नाही, आबा. नंबर नाही." वस्तू माझ्या हातात परत दिली. केस अजून तशीच आहे, अज्ञात वाहन. ती आता मिटवतील.

आता माझ्याजवळ दोन पेनड्राईव्ह आहेत. मोठा कोरा आहे. लहानात मी डब्याचं झाकण लावतो आहे. सिमेंटवाला म्हणाला, ते पुसून त्यात तिचे लग्नातले फोटो भरून देतो. मी नको म्हटलं.

त्या दिवशी ठाण्यातून घरी आलो आणि फळीवरून तो डबा काढला. सुतकात बायकांनी त्याला हात लावला नव्हता. झाकण निघेना, इतकं घट्ट बसलं होतं. विळ्याच्या टोकानं उघडलं. अर्धा डबा पीठ होतं. चिमूटभर जिभेवर ठेवलं. कडू झालं होतं.