नमुन्याचा लाडू

आमच्या साडूभाऊंइतका परदेशाचा जाणकार अख्ख्या म्हसरुळात दुसरा नाही, आणि हा माणूस इगतपुरीच्या पुढं कधी गेलेला नाही. दिंडोरी रोडच्या एका पॅकहाऊसमध्ये वीस-बावीस वर्षं ते द्राक्षं भरतायत. पेटी इथं बंद होते, हॉलंडात उघडते, आणि तिथं एखादा मणी गळालेला निघाला तर इथं साडूभाऊंना जेवण जात नाही. मी पडलो चौथी नापास, टेम्पोवाला. हॉलंड म्हणजे मालेगावच्या पुढचं एखादं गाव असेल, असंच मला कितीतरी वर्षं वाटायचं. त्यांची एकुलती पोरगी स्नेहल शेतीची डिग्री करून पुढच्या शिक्षणाला त्याच हॉलंडात जायची ठरली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांना घाम फुटला. साडूभाऊ मात्र निवांत. म्हणाले, "परदेशात माल कसा पाठवायचा ते मला नका शिकवू, पाव्हणं."

आणि पोरीची तयारी थेट द्राक्षाच्या पद्धतीनं सुरू झाली. कागदपत्रं द्राक्षाच्या पाऊचमध्ये, प्रत्येकावर चिठ्ठी. लोणच्याच्या बरणीखाली पेटीतला फुग्याफुग्यांचा कागद. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणायची, अहो, पोरगी आहे ती, घड नाही. पण ऐकतोय कोण? द्राक्ष कंटेनरमध्ये चढवायच्या आधी गार करून घेतात, एकदम थंडीत टाकलं तर बिघडतं. म्हणून मालकाला विचारून त्यांनी स्नेहलला नवं जाकीट घालून पॅकहाऊसच्या गार खोलीत दहा मिनिटं बसवलं, आणि सोबतीला मला. मी हाफ शर्टात. ती आरामात गाणी ऐकत बसली, मी दोन मिनिटांत दार बडवायला लागलो. पुढं आठ दिवस शिंकत होतो. साडूभाऊंनी दोघांना आळीपाळीनं बघितलं आणि निकाल दिला, "पोरगी एक्स्पोर्टची आहे. तुम्ही लोकललाच बरे."

बॅग तेवीस किलोच्या वर चालत नाही म्हणे. शेजाऱ्यांचा वजनकाटा आणला, पण बॅग त्याच्यावर टेकेना. मग ठरलं, आधी मी नुसतं उभं राहायचं, नंतर बॅग घेऊन, आणि वजाबाकी करायची. सकाळी मी नुसता उभा राहिलो. तेवढ्यात ताईनं पुरणाचे मांडे वाढले. जेवून उठलो आणि बॅग उचलून परत काट्यावर चढलो, तर बॅग सव्वा किलोनं जास्त. साडूभाऊंनी गुपचूप शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बाहेर काढलं. विमानतळावर बॅग नेमकी तेवढीच कमी भरली. मी वर छताकडं बघत उभा होतो.

विमानतळावर साडूभाऊ आलेच नाहीत. कंटेनरचं दार लागलं की आपलं काम संपलं, म्हणाले. घराच्या दारातच बॅगेचं कुलूप दोनदा ओढून बघितलं, कंटेनरचं सील बघतात तसं. स्नेहल पाया पडली तर एवढंच बोलले, "बॅग उलटी नको ठेवूस." मायलेकींना बसवून मी टेम्पो काढला. आरशात बघतो तर ते रस्त्याच्या मधोमध उभे, हात हलवतायत. टाटा नव्हे. गाडी सुटताना देतात तसा इशारा, येऊ द्या, येऊ द्या, जाऊ द्या.

आता माझा पराक्रम. पोरगी जाऊन दोन महिने झाले असतील, मी संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो. ताई चहा ठेवत होती. कपाटात छोटा स्टीलचा डबा दिसला, आत डिंकाचा एकच लाडू. एकटा लाडू बघून मला राहवत नाही. खाल्ला. ताई बाहेर आली आणि कपाळाला हात लावून बसली.

पॅकहाऊसची एक रीत आहे. जेवढा माल बाहेर जातो, त्यातली एक पेटी इथं नमुना म्हणून ठेवतात. तिकडनं तक्रार आली की इथली पेटी उघडायची, ही चांगली तर तीही चांगली असणार. साडूभाऊंनी स्नेहलला दिलेल्या लाडवांतला एक तसा ठेवला होता. रोज कामावरून आले की डबा उघडून वास घ्यायचा, मगच चहा. पोरगी फोनवर रोज सांगायची, पप्पा, मी मजेत आहे. पण फोनवर त्यांचा भरवसा नव्हता. ताईला म्हणायचे, "तिकडचे लोक पहिल्यांदा चांगलंच बोलतात. तक्रार मागनं येते."

तेवढ्यात ते आलेच. हातपाय धुतले, डबा उघडला. मी म्हटलं, "साडूभाऊ, मी खाल्ला." ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, डबा मांडीवर. मग विचारलं,

"कसा लागला?"

खरं सांगायचं तर खवट झाला होता. खोबरं जिभेवर अजून चिकटलेलं होतं. पण हा माणूस माझ्या तोंडाकडं असा बघत होता की, मी आयुष्यात पहिल्यांदा विचार करून बोललो.

"कालच वळल्यासारखा."

"वास?"

"तुपाचा."

"मग बरी असेल," असं म्हणून त्यांनी ताईकडं चहा मागितला.

ताई डबा घासायला न्यायला लागली तर राहू दे म्हणाले. तो परत कपाटात ठेवला. अजून तिथंच आहे. घरी आले की उघडतात, रिकाम्या डब्याचा वास घेतात, झाकण लावतात, आणि मग चहा घेतात.